स्किमर अपडेट: तेल आणि कूलंट अखेर वेगळं झालं

मंडळी, झालं एकदाचं! मागच्या वेळी लिहिलं होतं ना की लेथच्या कूलंटच्या (धातू कापताना थंड ठेवणाऱ्या दुधट पाण्याच्या) टाकीवर तरंगणारं तेल बेल्टने उपसणारा माझा स्किमर फिरतोय मस्त, पण तेल कमी आणि कूलंटच जास्त उपसतोय, तर त्याचं मूळ सापडलं आणि ते स्किमरमध्ये नव्हतंच.

चवथीला लेथ बंद होती. सुट्टीनंतर शेड उघडली तर सडक्या अंड्यांचा वास दारातच आला. वरती तेलाची साय धरली की खाली हवा पोचत नाही आणि बिनहवेचे बॅक्टेरिया हायड्रोजन सल्फाइड सोडायला लागतात, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पीएचची पट्टी लावली तर साडेआठच्या खाली, कूलंट बिघडल्याची खूण. म्हणजे पुन्हा अख्खी टाकी काढून नवीन भरायची, आणि जुनं ओतायचं कुठे? माझी शेड सावईवेरेत, खालच्या अंगाला कुळागर (पोफळीची बाग) आणि विहीर. जांभ्या दगडातून पाणी किती पटकन झिरपतं ते गोव्यात कुणाला सांगायला नको. वापरलेलं कूलंट मी जमिनीवर थेंबभरही सांडू देणार नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आधी बेल्ट बदलून बघितला. पॉलियुरेथेन काढून स्टीलची पट्टी लावली, थोडा फरक पडला. मग बेल्ट फिरवणारी वायपर मोटर सहा व्होल्टवर हळू केली, अजून थोडा. पण डब्यात येणारं ते तेल नव्हेच, करडट मलई! रात्रभर ठेवली तरी फुटेना. तेव्हा लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या घेतल्या, दोन्हीत ताजं पाच टक्क्याचं कूलंट, एकीत 68 नंबरचं स्लाइडवे ऑइल (लेथच्या सरकत्या भागांचं तेल) आणि दुसरीत लेथच्या एप्रनमधून (पुढच्या गिअरच्या पेटीतून) काढलेलं तेल, दोन्ही जोरात हलवल्या आणि खिडकीत ठेवून दिल्या. सकाळी पहिलीत वर सोनेरी थर स्वच्छ वेगळा, खाली पांढरंशुभ्र दूध, मधली रेघ अगदी धारदार. दुसरीत वरपासून खालपर्यंत सगळं एकजीव करडं.

एप्रनमध्ये आधीच्या मालकाने इंजिन ऑइल भरून ठेवलेलं! इंजिन ऑइलात डिटर्जंट आणि डिस्पर्संट असतात, पाणी आणि घाण धरून ठेवणं हेच त्याचं काम, ते गळून टाकीत पडलं की कूलंटमध्ये मिसळूनच जातं आणि मग कुठलाही स्किमर काय करणार. एप्रन पूर्ण धुतला, सील बदललं, त्यातही 68 स्लाइडवेच भरलं. सेकंडहँड लेथ घेणाऱ्या प्रत्येकाने आधी ही बरणीची टेस्ट करा, खर्च शून्य.

नवीन कूलंट भरल्यापासून स्किमरच्या डब्यात खरंखुरं तेल येतंय. सोबत जे थोडं कूलंट येतं त्यासाठी पीव्हीसी पाइपचा सेपरेटर जोडलाय, उभा पाइप, तळातून कूलंट परत टाकीत आणि वरच्या टी-जोडातून तेल बाटलीत. स्किमर पंप चालू असताना नाही लावायचा, पंप सगळं घुसळून टाकतो, सकाळी काम सुरू करण्याआधी लावायचा. सगळ्यात आनंद कशाचा सांगू? रिफ्रॅक्टोमीटरमध्ये (कूलंट किती टक्के आहे ते दाखवणाऱ्या मीटरमध्ये) बघितलं तर निळ्या-पांढऱ्याची सीमा एकदम स्पष्ट! इतके महिने ती धूसर दिसायची आणि मला वाटायचं स्वस्तातलं मीटर आहे, पण मीटर उत्तम आहे, धूसरपणा तेलाचाच होता. फक्त कूलंटच्या डब्यावर लिहिलेल्या फॅक्टरने रीडिंगला गुणायला विसरू नका.

गोळा झालेलं तेल मी कुंडईतल्या एका ओळखीच्या युनिटच्या ड्रममध्ये देतो, त्यांच्याकडून ते अधिकृत रिसायकलरकडे जातं. भंगारवाल्याला तेल देऊ नका, ते कुठे जाळलं जाईल सांगता येत नाही.

आता पुढचा प्लॅन एमक्यूएलचा (कूलंटऐवजी हवेबरोबर अगदी थोडं तेल फवारायचं) होता, तासाला काही मिली तेलात काम भागतं म्हणून. पण हे लिहिता लिहिता बाहेर बघतोय तर पाऊस लागलाय आणि चिप्सच्या (कापून निघालेल्या धातूच्या कातरणांच्या) पिंपाखाली पांढरट पाणी साचलंय. म्हणजे टाकी कितीही सांभाळली तरी कूलंट चिप्सला चिकटून बाहेर जातंच आहे! तेव्हा एमक्यूएल राहू दे, त्याचं धुकं बंद शेडमध्ये नाकात जातं हा प्रश्नही आहेच. आधी पिंप आत घेतो आणि जुन्या सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या स्पिनरमध्ये चिप्स पिळून बघतो, निघालेलं कूलंट गाळून परत टाकीत. कोरड्या ॲल्युमिनियमला भावही बरा मिळतो, फक्त स्टील त्यात मिसळू द्यायचं नाही. बीड (कास्ट आयर्न) तर मी आता कोरडंच टर्न करतो, खाली ट्रे ठेवून.

कुणी स्पिनरमध्ये लांब गुंतलेल्या चिप्स पिळल्यात का? बॅलन्स जाऊन ड्रम आदळेल अशी भीती वाटतेय, आधी तोडून घ्याव्या लागतील बहुतेक. आतून जाळी कुठली लावली तेही सांगा.