3 मार्चच्या चंद्रग्रहणासाठी तीन रात्री, तयारी कुठवर आली

मंडळी, मागच्या 7 सप्टेंबरच्या ग्रहणाला आमच्या इथं (लातूरजवळ, माळावरच्या शाळेचं पटांगण) जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये. खग्रास (चंद्र पूर्ण झाकलेला) तब्बल 82 मिनिटं होतं पण भादव्यातलं आभाळ, 11 नंतर जेमतेम वीस मिनिटांची फट मिळाली आणि तेवढ्यात दुर्बिणीला शंभरेक माणसांची लाईन. एकेकाला 40 सेकंद धरले तरी तीसच जणांचं झालं, बाकीचे पुढच्याची पाठ बघत उभे. आणि वर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता की तो लाल चंद्र! एक आज्जी तेवढ्या लाईन सोडून बाजूला येऊन बसल्या, वर बघून म्हणल्या, "इझत आलेल्या निखाऱ्यावानी दिसायलाय बघ." त्या रात्री सगळ्यात नीट ग्रहण त्यांनीच बघितलं असं मला वाटतं.

म्हणून यावेळी ग्रहणाला लाईनच नाही. तसंही 3 मार्चला आपल्याकडं चंद्र उगवतानाच ग्रहण लागलेलं असणार, खग्रास संध्याकाळी 5:33 लाच संपतं, चंद्र वर येतो साडेसहाच्या आसपास आणि 6:47 ला खंडग्रासही सुटतं, म्हणजे हातात पंधरा मिनिटं. तोवर चंद्र चार अंशसुद्धा वर आलेला नसतो. हात लांब करून मधली तीन बोटं आडवी धरली की साधारण 5 अंश होतात, त्या बोटांच्या खाली सगळा खेळ, त्यात होळीच्या दिवसांतला धूर. काल संध्याकाळी पटांगणात उभा राहून बोटं धरली तर पूर्वेला बरोबर बाभळींची रांग आडवी. मग मागच्या टेकाडावर गेलो, तिथून क्षितिज मोकळं आहे. चंद्र ऐन पूर्वेला नाही, सात एक अंश उत्तरेला सरकून उगवणार, तिथं चुन्याची खूण करून आलो. तिथं फक्त दोन्ही डोळ्यांनी बघायच्या 10x50 च्या (दहा पट, 50 मिमी भिंगाच्या) दोन दुर्बिणी ट्रायपॉडवर, बाकी सगळं डोळ्यांनी. सहा इंची डॉब्सोनियन (आरशाची मोठी दुर्बीण) खाली पटांगणातच, कारण इतकं खाली बघायचं म्हणजे आयपीस (डोळा लावायचं भिंग) गुडघ्याला येतो आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. ग्रहण सुटलं की सगळे खाली, तोवर गुरू मस्त वर असतो, मिथुनेत, चार चंद्रांसकट.

पण खरी मजा पुनवेला नाहीच, म्हणून अलीकडं-पलीकडं दोन रात्री जोडल्यात. 24 फेब्रुवारीला अर्धा चंद्र, उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या सावल्या इतक्या लांब पडतात की लेकरं आयपीस सोडतच नाहीत. 25 मिमीच्या आयपीसला 48 पट मोठं दिसतं, पूर्ण चंद्र मावतो. आणि 7 मार्चचा शनिवार, त्या दिवशी चंद्र नऊनंतर उगवतो तोवर काळोख आपला, मृगाचा तेजोमेघ आणि कृत्तिका दाखवायच्या.

ग्रामपंचायतीला हायमास्ट बंद ठेवायला सांगितलंय, 24 आणि 7 चं हो म्हणलेत, 3 चं अजून अडलंय कारण सणाची गर्दी. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लावायला लाल जिलेटीन कागद आणलाय, एक पदर पुरत नाही, दोन लावा. गरोदर बायांनी बघायचं का हा प्रश्न येणारच, सप्टेंबरला आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या ताई स्वतः समोर येऊन बोलल्या तेव्हा चार जणी बाहेर आल्या, यावेळीही त्यांनाच आधी बोलावलंय.

पूर्व मोकळी दिसेल असं टेकाड जवळ नसलेल्यांनी पाण्याच्या टाकीवरून बघा, पण जिना आणि कठडा आधी दिवसा तपासून या.