जुलैनंतर काय शिवणार?

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २००८ पासून चालू आहे. नवा उद्योग काढायला बँकेचं कर्ज आणि प्रकल्पखर्चाच्या काही टक्के सरकारी सबसिडी, अशी ही योजना. मला ती कळली बचत गटाच्या बैठकीत, तीही अर्धीच. "गावातल्या बाईला ३५ टक्के सबसिडी" एवढंच कानावर आलं आणि मी घरी येऊन टक्के मोजायला लागले.

आठ वर्षं मी दुसऱ्याच्या युनिटमध्ये शाळेचे गणवेश शिवत होते. स्वतःचं युनिट काढायचं हे ठरलेलं होतं, अडलं होतं पैशापाशी. ही योजना नव्या उद्योगालाच आहे, आधीपासून चालू असलेल्याला नाही, त्यामुळे मी तिच्यात बसत होते. ओळखीतून एक एजंट भेटला. त्याने दोन दिवसांत प्रोजेक्ट रिपोर्ट हातात ठेवला. प्रकल्पखर्च २२ लाख! मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाला, "ताई, प्रकल्प मोठा तर सबसिडी मोठी."

माझं शिक्षण बारावी, पण आकड्यांची भीती. मी रिपोर्ट वाचलाच नाही. सही केली, फॉर्म भरला गेला आणि काही आठवड्यांनी बँकेतून बोलावणं आलं.

मॅनेजर साहेब बरे होते. त्यांनी पानं चाळली आणि नवव्या पानावर थांबले. तिथे कच्चा माल म्हणून सिमेंट आणि राख लिहिलं होतं. कुणाच्या तरी विटांच्या रिपोर्टवर माझं नाव चढवलं होतं आणि एक पान बदलायचं राहून गेलं होतं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मग त्यांनी विक्रीचा तक्ता उघडला. बाराही महिने तेवढेच गणवेश, पहिल्या महिन्यापासून ८० टक्के क्षमता. "गणवेश जूनमध्ये विकले जातात," ते म्हणाले, "जुलैनंतर काय शिवणार?"

मला उत्तर येत नव्हतं असं नाही. मी आठ वर्षं तेच तर बघत होते. पण समोरच्या कागदात ते उत्तर नव्हतं, आणि कागद माझ्या सहीचा होता. अर्ज परत आला. शिवाय प्रकल्पखर्चात जमिनीची किंमत धरली होती, जी या योजनेत धरता येतच नाही. एजंटला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

मग मी शाळेची जुनी वही घेतली आणि जानेवारीपासून लिहायला बसले. जानेवारी ते मार्च कापडखरेदी. मार्च ते मे कटिंग आणि शिलाई. जूनमध्ये माल शाळेत. पैसे मात्र जुलै, कधी ऑगस्ट. म्हणजे कापडात घातलेला रुपया सहा-सात महिने बाहेर. हे लिहून झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की माझी खरी अडचण मशीन नाही, खेळतं भांडवल आहे. मशीन तर हप्त्यावरही मिळतात.

ऑगस्टपासूनचे रकाने रिकामे होते. त्यात मी जे खरोखर मिळवू शकत होते तेच लिहिलं: कापडी पिशव्या, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचे ड्रेस, हिवाळ्यात शाळांचे ट्रॅकसूट. प्रत्येकासाठी एकदोघांशी आधी बोलून घेतलं. एका शाळेने आणि एका दवाखान्याने "दर पटला तर काम देऊ" असं लेटरहेडवर लिहून दिलं. त्या दोन कागदांनी रिपोर्टला जेवढं वजन आलं तेवढं रंगीत तक्त्यांनी आलं नसतं.

नवा हिशेब असा बसला. चार सिंगल नीडल, एक ओव्हरलॉक, एक काजाचं, एक बटणाचं मशीन आणि कटिंग मशीन मिळून ४,१०,०००. टेबल, वायरिंग वगैरे ६०,०००. खेळतं भांडवल २,८०,०००. एकूण ७,५०,०००. महिला विशेष प्रवर्गात येतात, म्हणून स्वतःचा वाटा ५ टक्के, म्हणजे ३७,५००. सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाला १० टक्के भरावे लागतात. बाकीचे ७,१२,५०० बँकेचं कर्ज. सबसिडी ३५ टक्क्यांनी २,६२,५००. हेच युनिट नगरपालिका हद्दीत असतं तर मला २५ टक्केच मिळाले असते. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो हे खरं, पण माझ्या वहीत तेवढं काम नव्हतं.

खेळतं भांडवल थोडं वाढवून लिहावं असं मनात आलं होतं. जिल्हा उद्योग केंद्रातल्या एका बाईंनी वेळेवर हात धरला. सबसिडी तीन वर्षं अडकलेली असते, त्या काळात कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेने मंजूर केलेल्या कर्जाची, मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसायला हवी आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. वापरलं नाही तर त्या प्रमाणात सबसिडी परत जाते. फुगवलेला आकडा पुढे असा अंगलट येतो, हे एजंटने सांगितलं नव्हतं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. ग्रामीण भागाचा दाखला, मशीनची कोटेशन, जागेसाठी सासऱ्यांचं संमतीपत्र आणि जमिनीचा ८-अ उतारा. एका गोष्टीने मात्र तीन आठवडे खाल्ले. आधारवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं. लग्नाची नोंदच केलेली नव्हती. लग्नानंतर अकरा वर्षांनी आम्ही दोघं साक्षीदार घेऊन विवाह नोंदणीला गेलो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता तरी पक्कं झालं म्हणायचं."

दुसऱ्या वेळी त्याच बँकेत, त्याच खुर्चीसमोर गेले. साहेबांनी विक्रीचा तक्ता बघितला. ऑगस्टमध्ये १८ टक्के क्षमता लिहिली होती. "इतकी कमी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पहिल्या वर्षी तेवढीच होईल, आणि त्या महिन्यात हप्ता जूनच्या विक्रीतून काढून ठेवलेल्या पैशातून जाईल." ते पान उलटून त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. कर्ज १० लाखांच्या आत असल्याने तारण मागितलं नाही.

मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण झालं. ५ लाखांवरच्या प्रकल्पाला ते दहा दिवसांचं. पैसे हातात येतात असं मात्र समजू नका. सबसिडी बँकेत माझ्या नावाने मुदत ठेव म्हणून पडून आहे. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष तपासणी होईल आणि मगच ती कर्जात वळती होईल. तोवर हप्ते चालूच.

पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये काम निघालं २१ टक्के. ट्रॅकसूट मात्र अजून एकाही शाळेने घेतलेले नाहीत, तो रकाना मी चुकीचा भरला होता.