जांबोटी-कणकुंबीच्या ओढ्यांवर करडा धोबी

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने जांबोटी, मग कणकुंबी, अशी ही डिसेंबरातली फेरी. करडा धोबी हा शेपटी हलवणारा छोटा पक्षी पाहायला जंगलात घुसावं लागत नाही. रस्त्यालगतचे ओढे आणि हब्बनहट्टीच्या मारुतीजवळचं मलप्रभेचं खडकाळ पात्र पुरतं. हा हिवाळी पाहुणा. सप्टेंबरअखेरीपासून दिसू लागतो, एप्रिलपर्यंत परततो. ऑक्टोबरात ओढे भरून वाहतात, पण जळवाही असतात, डिसेंबर-जानेवारी उत्तम. पुढे छोटे ओढे आटले की उरलेल्या डोहांच्या काठीच शोधावं.

घोटाळा होतो तो पिवळ्या धोब्याशी. पोट दोघांचंही पिवळं, म्हणून रंगावर जाऊ नये. करड्याची पाठ राखाडी, शेपटी खूपच लांब, शेपटीखालचा पिवळा रंग सगळ्यांत गडद आणि पाय फिकट गुलाबी-तपकिरी; पिवळ्याचे पाय काळे. शिवाय पिवळा माळावर, ओल्या शेतात, गुरांच्या पायांशी. खळाळत्या पाण्यातल्या दगडावर एकटा दिसला तर तो बहुधा करडाच. काळा-पांढरा, भुवई ठळक पांढरी, तो थोरला धोबी. तो इथे बाराही महिने असतो आणि रुंद पात्र पसंत करतो.

पाण्याच्या आवाजात करड्याचं तीक्ष्ण ‘त्झिट्-त्झिट्’ हरवतं, म्हणून कानांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी: दगडांवर सतत खालीवर हलणारी शेपटी शोधायची. दिसला की मागे लागू नये. तो दर वेळी थोडा पुढे उडून बसतो आणि आपला टापू संपला की डोक्यावरून मागे फिरतो. एवढ्यात त्याचं खाणं मात्र मोडतं. ओढ्याच्या वळणावर पंधरा-वीस मिनिटं बसून राहिलं, तर किडे टिपत तोच जवळ येतो. मलप्रभा बहुतेक ठिकाणी पूर्वेकडे वाहते, तेव्हा सकाळी प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून बसावं, ऊन पाठीवर राहतं. कणकुंबीला धुकं उशिरा विरतं, म्हणून आधी हब्बनहट्टी, नऊनंतर कणकुंबी.

८×४२ ची दुर्बीण पुरे. चपला नकोत, शेवाळलेला खडक दगा देतो; पकड असलेले बूट घालावेत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरू नये. पुलांवर उभं राहून पाहणं सोयीचं वाटतं, पण या रस्त्याला गोव्याकडची अवजड वाहतूक असते. गाडी पुलापासून लांब, रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावावी.