रिसालदारसाहेबांचा दुसरा प्रोग्राम

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या कान तपासणीच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांची तक्रार घरचेच मांडतात. टीव्ही मोठा लावतात, हाक मारली तर ओ देत नाहीत, वगैरे. रिसालदारसाहेबांनी मात्र आपली तक्रार स्वतःच मांडली, आणि ती एका सिनेमाबद्दल होती.

"मॅडम, टँकमधली माणसं काय बोलत्यात तेच कळंना. नातीला दर वाक्याला विचारावं लागतंय."

नात सोबत होती, मास मीडियाला शिकणारी. युद्धपटांवरच्या प्रोजेक्टसाठी तिने शोधून काढलेला तो सिनेमा म्हणजे केव्हिन रेनॉल्ड्सचा 1988 सालचा 'द बीस्ट'. विल्यम मॅस्ट्रोसिमोनच्या नाटकावर बेतलेला. मी तो पूर्वी पाहिला होता आणि माझ्या मते तो फार अन्याय झालेला सिनेमा आहे. त्याच वर्षी स्टॅलोनचा अफगाणिस्तानातला सिनेमा जगभर झळकला. हा मोजक्या थिएटरांत आला आणि गेलाही. गोष्ट 1981 सालची. एक सोव्हिएत टँक अफगाण गाव उद्ध्वस्त करतो, वाट चुकतो, आणि दुसरीकडून बाहेर पडायला रस्ताच नसलेल्या खोऱ्यात शिरतो. मागे सूडाला पेटलेले गावकरी. पण सिनेमाचा खरा जीव टँकच्या आत आहे. कमांडर डास्कल, ड्रायव्हर कोव्हरचेंको, सोबत समद नावाचा अफगाण सैनिक, आणि हळूहळू सडत जाणारा एकमेकांवरचा विश्वास. समदचं काम केलंय एरिक अवारीने. हा पारशी नट जन्माने दार्जिलिंगचा.

आधी तपासणी. आवाजबंद बूथमध्ये बसवून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढला. खालच्या फ्रिक्वेन्सींना दोन्ही कान जवळजवळ शाबूत, 3000 हर्ट्झच्या पुढे आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली, सगळ्यात खोल 4000ला. दीर्घकाळ मोठा आवाज सोसलेल्या कानाची ही खूण. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी सैन्यात टी-55 हा रशियन बनावटीचा टँक चालवला होता. मागे 580 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, पुढे डावीकडे ड्रायव्हरची अरुंद जागा. दिवसाचे आठ तास 85 डेसिबल ही कानासाठी धोक्याची रेषा मानतात. धावत्या टँकच्या आत आवाज 100च्या वर जातो.

अशा कानाला स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. 'साप' म्हटलं की 'ताप' ऐकू येतं. मी हे समजावत होते तर ते मध्येच म्हणाले, "म्हणजे इंटरकॉमसारखं." टँकमध्ये गळ्याच्या पट्ट्याला माईक असायचा, तो गळ्याची थरथर उचलायचा. इंजिनाचा गोंगाट त्यात कमी यायचा, पण स, श, फ बोथट होऊन यायचे. तरी 'हॉल्ट' आणि 'ॲडव्हान्स' यांत त्यांची कधी गफलत झाली नाही. "शब्द कशाला ऐकायचा? कमांडरचा सूर ऐकायचा." आमच्या विषयाच्या पुस्तकात हे प्रकरणभर लिहिलेलं असतं. त्यांनी ते दोन वाक्यांत सांगितलं.

दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन लावलं, कानात प्रोबची बारीक नळी घालून मोजमाप घेतलं. पेशंटला नेहमीच्या ऐकण्यातला एखादा आवाज सोबत आणायला मी सांगतेच, म्हणून नातीने टॅबवर तोच सिनेमा आणला होता. गोखले रोडवरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडकी लावून घेतली.

पडद्यावर टँक दिसताच साहेब पुढे झुकले. "ही तोफ रशियाची नव्हं." तोफेच्या नळीवर धूर खेचणारा एक फुगीर भाग असतो. मूळ 100 मिलिमीटरच्या तोफेवर तो थेट तोंडाशी असतो, 105वर नळीच्या मध्याकडे. इथे तो मध्याकडे होता. आपल्या सैन्यातही टी-55वर पुढे 105 बसवली गेली, त्यामुळे त्यांना दोन्ही पाठ. त्यांचं बरोबर होतं. चित्रीकरण इस्रायलमध्ये झालं, आणि तिथे अरब सैन्यांकडून हाती लागलेल्या टी-55वर 105ची तोफ चढवली होती. नातीने भराभर वहीत लिहून घेतलं.

संवाद आता त्यांना कळत होते. पण कपाळावरची आठी जाईना.

"इंजिन कुठं गेलं?"

मशीन एकसुरी, सतत चालणारा आवाज ओळखून दाबतं; बोलणं पुढे यावं म्हणून ती सोय असते. शंभरातले नव्व्याण्णव पेशंट त्याबद्दल दुवा देतात. साहेबांना मात्र इंजिन हवं होतं. गाडी तापलीय की दमलीय, चढ घेईल की नाही, हे ड्रायव्हर कानानेच ओळखतो म्हणाले. मी मशीनमध्ये दुसरा प्रोग्राम, म्हणजे बटणाने बदलता येणारी वेगळी सेटिंग, तयार केला; त्यात गोंगाट दाबणं पूर्ण बंद ठेवलं. बटण दाबलं आणि ते खुर्चीत रेलून बसले.

नेमका तेव्हा तो प्रसंग आला, ज्यासाठी हा सिनेमा मी विसरू शकत नाही. पकडलेल्या गावकऱ्याला टँकच्या ट्रॅकसमोर, म्हणजे साखळीपट्ट्यासमोर, टाकलंय आणि डास्कल कोव्हरचेंकोला गाडी पुढे घ्यायला सांगतोय. नातीने टॅब बंद करायला हात पुढे केला. साहेबांनी तो अडवला. पूर्ण पाहिलं.

"ट्रॅकखाली काय आलं ते ड्रायव्हरला बसल्या जागी दिसत न्हाई. कमांडर सांगंल ते त्याचं डोळं. पण ह्याला तर ठाऊक हाय खाली कोण हाय ते."

"मग त्याने काय करायचं, आबा? हुकूम मोडला तर?"

"इंजिन बंद पाडायचं. टँक बंद पडतो की. कुणाचाबी पडतो."

मी हा सिनेमा पाहून हुकूम आणि सद्सद्विवेक यांवर बराच विचार केला होता. इतका साधा, हाताने करता येणारा नकार मला कधी सुचला नव्हता. पुढे कोव्हरचेंको कमांडरच्या विरोधात उभा राहतो खरा, पण तोवर समदचाही जीव गेलेला असतो. साहेबांनी त्या तरुण ड्रायव्हरचा मार्ग पहिल्याच प्रसंगात दाखवून दिला. स्वतः युद्ध पाहिलं नाही, फक्त राजस्थानातल्या वाळूत सराव केले, असंही त्यांनी आवर्जून सांगितलं. नातीने प्रोजेक्टमध्ये भलतंसलतं लिहू नये म्हणून.

बाहेर पेशंट ताटकळले होते, त्यामुळे उरलेला सिनेमा त्यांनी घरी, घोडबंदर रोडला पाहिला. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मशीनमधल्या नोंदीत दुसरा प्रोग्राम भरपूर वापरलेला दिसला. दोघांचं नगरच्या रणगाडा संग्रहालयात जायचं ठरत होतं. नातीला तोफा जवळून दाखवायच्या होत्या. मी त्यांना एवढंच बजावलं की प्रवासात पहिला प्रोग्राम ठेवा, नाहीतर एसटीच्या इंजिनाकडेच लक्ष राहील आणि नातीचं बोलणं राहून जाईल. बॅटऱ्यांचं एक जादा पाकीटही दिलं.