विषयपत्रिकेतला विषय कसा लिहावा

गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस हाती पडली की बहुतेक सभासद ती जिन्यातच उभ्या उभ्या वाचतात आणि सभेला जायचे की नाही, गेलो तर कोणाच्या बाजूने बोलायचे, हे घराचे दार उघडण्यापूर्वीच ठरवून मोकळे होतात. वार्षिक सभेसाठी 14 पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे विषयपत्रिकेतली ती एक ओळ दोन आठवडे लोकांच्या डोक्यात घोळत राहते. संस्थेच्या सचिवपदाचे काम करताना माझे असे ठाम मत झाले आहे की विषय मांडणाऱ्याने त्या ओळीत आपला निकाल लिहून ठेवला, तर सभेत चर्चा होत नाही, केवळ आरोप आणि बचाव होतो.

भटक्या कुत्र्यांचा विषय घ्या. काही सभासदांनी लेखी मागणी केली होती, तिचे शीर्षक होते, ‘भटक्या कुत्र्यांचा उपद्रव व त्यांना खाऊ घालणाऱ्या सभासदांवर कारवाई करणेबाबत’. दुसऱ्या बाजूने आलेल्या पत्राचे शीर्षक होते, ‘मुक्या प्राण्यांवरील अन्याय थांबविणेबाबत’. पहिल्या ओळीत रोज रात्री पोळ्या घेऊन खाली उतरणाऱ्या आजी सभेपूर्वीच आरोपी ठरतात, तर दुसऱ्या ओळीत ज्या मुलीच्या पोटरीला कुत्रा चावला तिची आई निर्दयी ठरते. दोघींनाही सभेत बोलण्याचा सारखाच अधिकार आहे, परंतु यांपैकी कोणत्याही शीर्षकाखाली एकीला आधी स्वतःची बाजू सावरावी लागेल आणि मगच मुद्द्याचे बोलता येईल. त्यात 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा प्राण्यांना खाऊ घालण्यासाठी जागा व वेळ ठरवून देण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवरच टाकलेली आहे, आणि ती जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून व ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असावी, असेही त्यात सांगितले आहे. तेव्हा ‘कारवाई’ हा शब्द शीर्षकात घालणे म्हणजे केवळ खाऊ घातल्याबद्दल सभासदाला शिक्षा करता येते, असा चुकीचा समज नोटिशीतूनच पसरवणे होय.

विषयपत्रिकेत शेवटी असे लिहिले गेले: ‘आवारातील कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा व वेळ निश्चित करणे, कुत्रा चावल्याच्या तक्रारींची नोंद व त्यावरील उपाय ठरविणे’. ही ओळ रुक्ष आहे, वाचून कोणालाही आवेश चढत नाही, आणि मला तिचा हाच गुण मोलाचा वाटतो. सभेत वाद झालाच, आवाजही चढले. मात्र वाद पंपाच्या खोलीमागची जागा बरी की मीटरच्या खोलीजवळची, रात्री दहानंतर भांडी कोण उचलणार, चावल्याची नोंद रखवालदाराच्या वहीत करायची की कार्यालयात, अशा गोष्टींवर झाला.

शीर्षक तटस्थ असावे, एवढे म्हणून भागत नाही. खरी कसोटी ही की एखाद्या पर्यायाला नुसते ‘नाही’ होऊन बसावे लागते का. या बाबतीत गोव्याचा 1967 चा जनमत कौल मला फार शिकवून जातो. त्या वर्षी 16 जानेवारीला गोवेकरांसमोर दोन पर्याय होते: महाराष्ट्रात विलीन होणे आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित प्रदेशाला दोन पाने, अशी दोन्ही पर्यायांना स्वतंत्र चिन्हे मिळाली. ‘विलीनीकरण हवे की नको’ असे न विचारता दोन्ही मतांना आपापले नाव आणि आपापली खूण देण्यात आली. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली. दोन्ही बाजूंनी प्रचार अत्यंत कडवा झाला होता, तरी मतपत्रिकेने कोणाला आपल्याकडे ओढले नाही, हे आजही मान्य करावे लागेल. एक उणीव मात्र होती. स्वतंत्र घटकराज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, आणि गोव्याला राज्याचा दर्जा मिळण्यासाठी 30 मे 1987 उजाडावा लागला. जे पर्याय लिहिले, ते सारख्या तोलाने लिहिले. पण जो लिहिलाच नाही, त्याला मत देता येत नाही. शीर्षक लिहिणाऱ्याच्या हाती असलेली ही सत्ता शब्दांच्या निवडीपेक्षाही मोठी आहे.

ब्रिटनमध्ये हीच अडचण पुढे दोनदा आली. स्कॉटलंडच्या 2014 च्या सार्वमतासाठी तिथल्या सरकारने सुचविलेला प्रश्न ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी आपण सहमत आहात का’ अशा अर्थाचा होता. ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने तो लोकांसमोर ठेवून तपासला आणि ‘सहमत आहात का’ हा भाग होकाराकडे कल देतो म्हणून काढण्याची शिफारस केली, ती मान्य झाली. युरोपीय संघाबाबतच्या 2016 च्या सार्वमतात ‘सदस्य राहावे का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देण्याची मूळ योजना बदलून ‘राहावे’ आणि ‘बाहेर पडावे’ हे दोन्ही पर्याय पूर्ण शब्दांत छापले गेले. एवढ्या मोठ्या निर्णयाचे शब्द कोणी तरी आधी तपासून पाहतो, तर आपल्या सभेची नोटीस निघण्यापूर्वी तिचा मसुदा विषयाच्या विरोधात असलेल्या एका सभासदाला वाचायला देणे मुळीच अवघड नाही. त्याला ती ओळ खटकली नाही, तर ती बहुधा योग्य असते.

तटस्थतेच्या नावाखाली संदिग्ध लिहिणे हा याच दोषाचा दुसरा प्रकार आहे, आणि तो मला अधिक घातक वाटतो, कारण तो सभ्य दिसतो. ‘दुरुस्ती निधीबाबत’ एवढेच लिहून सभेत मासिक वर्गणी वाढवून घेणे, किंवा मोठ्या खर्चाचे काम ‘आयत्या वेळच्या विषयां’त सरकवणे, यात एकही पक्षपाती शब्द नसतो, तरीही जो सभासद शीर्षक वाचून घरी थांबला त्याची फसवणूक झालेली असते. किती वाढ, कोणत्या महिन्यापासून, कशासाठी, हे शीर्षकातच आले पाहिजे, मग ओळ लांबली तरी चालेल.

सत्य सिद्ध झाल्यानंतर मात्र ते झाकण्यासाठी सौम्य शब्द वापरू नयेत. रोख पावत्या आणि बँक खाते यांत फरक दिसला असेल, तर लेखापरीक्षकाचा अहवाल येईपर्यंत ‘फरक’ हाच शब्द योग्य आहे. अहवालात अपहार सिद्ध झाल्यावरही ‘फरक’ लिहिणे म्हणजे ज्याने पैसे घेतले त्याची बाजू घेणे होय. आणि भाडेकरूची जात किंवा धर्म पाहून घर द्यावे का, हा प्रश्न कितीही संयत शब्दांत लिहिला तरी माझ्या मते तो विषयपत्रिकेत येऊच नये. तशी लेखी मागणी आली, तर सचिवाने नकारही कारणासह लेखीच द्यावा आणि त्याची प्रत कार्यकारिणीच्या दप्तरी ठेवावी.