तुम्ही विचारलंत म्हणून : मी सही का केली

दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. परवा एका लग्नात, जेवणाच्या रांगेत. "तुम्हीच ना त्या, रविवारी सकाळी गिरगावातल्या चाळी दाखवत फिरायच्या? मग स्वतःची चाळ पाडायला सही कशी केलीत?" विचारणाऱ्या बाई हसत होत्या. पुढचा माणूस सरकेपर्यंतच उत्तराला वेळ असतो, त्यामुळे आजवर मी "अहो, परिस्थितीच तशी होती" एवढंच म्हणत आले. हे वाक्य माझं मलाच पटत नाही. म्हणून आता बसून लिहिते.

आधी पैशाचं. १८० चौरस फुटांच्या दोन खोल्यांच्या जागी मला करारात ३६५ चौरस फूट लिहून दिलेत, संडास-बाथरूम घरात. गिरगावात. बाजारभावाने त्याचे किती होतात ते तुम्ही मनातल्या मनात मोजूनच प्रश्न विचारता, हे मला कळतं. तर हो, मोह होता. पन्नाशी उलटल्यावर गुडघे सांभाळत, बादली घेऊन पहाटे पाचला गॅलरीच्या टोकाशी उभं राहावं लागलेल्या कुठल्याही बाईला तो झाला असता. पण नुसता मोहच असता तर मी आठ वर्षं आधी सही केली असती. तेव्हाही बिल्डर येतच होते.

२०११ साली एका दिवाळी अंकात मी लेख लिहिला होता. तुमच्यापैकी काहींनी तो जपून ठेवलाय आणि मला दाखवताही. "चाळ ही इमारत नव्हे, ती राहण्याची रीत आहे" असलं वाक्य त्यात आहे. बर्मा सागाचे खांब, चुन्यात बांधलेल्या हातभर जाडीच्या भिंती, चौकाकडे तोंड केलेल्या गॅलऱ्या आणि त्यातून खेळणारा वारा. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती जिथे बसला ती केशवजी नाईकांची चाळ आमच्यापासून चालत किती मिनिटांवर, हेही. मध्यंतरी तो लेख पुन्हा वाचला. त्यात संडास हा शब्द एकदाही नाही.

तरी त्या लेखातलं खोटं काहीच नाही, हेही सांगते. आमचं छत अकरा फुटांवर होतं. मे महिन्यात दुपारी पंखा बंद करून झोपता यायचं. नव्या इमारतीचा नकाशा मी पाहिलाय. मधून बोळ, दोन्ही बाजूंना दारं. त्या बोळात भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागणार. समुद्राकडचा वारा बिल्डर बाहेर विकणार त्या टॉवरला, भाडेकरूंची इमारत त्याच्या पाठीमागे. त्यामुळे "नवीन ते चांगलं असं वाटलं म्हणून सही केली" हे उत्तर मी देऊ शकत नाही.

रविवारच्या फेरीत मी आणखी एक सोयीची गोष्ट सांगायचे: मालकांनी जाणूनबुजून दुरुस्ती केली नाही. ऐकणाऱ्यांना खलनायक मिळाला की बरं वाटतं. पण १९४७च्या भाडेकायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली, ती पुढे अर्धशतक तशीच राहिली. माझं भाडं महिना ११८ रुपये. बिऱ्हाडं ४२. सगळी चाळ मिळून महिन्याला पाच हजारही होत नाहीत, तेवढ्यात चांगला सुतार आठवडाभर टिकत नाही. नवा कायदा १९९९चा, तो वर्षाला चार टक्के वाढ देतो. ११८चे चार टक्के म्हणजे पावणेपाच रुपये. मालक काही संत नव्हता, खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना जी ठोक रक्कम घेतात, त्या पागडीतला आपला वाटा त्याने कधी सोडला नाही. पण सबंध दोष त्याच्या गळ्यात घालून मी शेजारपाजाऱ्यांना मोकळं करत होते, आणि स्वतःलाही.

मालक करत नाही म्हणून सरकारने उपकर लावला आणि दुरुस्ती मंडळ आणलं. मंडळ चौरस मीटरमागे ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च करतं. खर्च त्यापुढे गेला की वरचे पैसे रहिवाशांनी भरायचे, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची. आमच्याकडे मंडळाचं काम झालं ते असं: गॅलरीच्या लाकडी कड्या काढून लोखंडी गर्डर घातले, वर काँक्रीटचा स्लॅब ओतला, चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. आम्ही खूश. चौकात पेढे वाटले, त्यात मीही होते. चुना ओल शोषतो आणि सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं, आणि त्या भिंतीत तुळयांची टोकं रुतलेली असतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

आता त्या दिवसाचं.

३१ ऑगस्ट २०१७ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. पुनर्विकासाच्या यादीत असलेली इमारत, तरी माणसं आत होती. त्यानंतर आमच्या चाळीत पावसात लोक जागे राहू लागले. गिलाव्याचा पोपडा पडला तरी सगळा मजला बाहेर. मग मी ठरवलं की हे भय कायमचं मोडून काढायचं. जुन्या लाकडी इमारतींचं काम करणारे एक इंजिनिअर ओळखीचे होते. २०१९च्या मे महिन्यात ते एका मिस्त्रीला घेऊन आले. सहा ठिकाणी भिंत उकरायची आणि तुळईचं टोक तपासायचं, असा बेत. मला पुरावा हवा होता, चाळ ठणठणीत असल्याचा.

पहिल्या पाच ठिकाणी तो मिळाला. मिस्त्रीने हातोडीने ठोकलं की भरीव आवाज यायचा. एका जागी त्याने वरचा काळा थर तासला तर आतून मधासारखा रंग निघाला, आणि शंभराहून जास्त वर्षांच्या लाकडाचा वास खोलीभर पसरला. मी फोटो काढत होते. मनात कमिटीपुढचं भाषणही तयार होत होतं.

सहावी जागा दुसऱ्या मजल्यावर, घरगल्लीच्या, म्हणजे दोन इमारतींमधल्या सांडपाण्याच्या बोळाच्या बाजूला, संडासाला लागून असलेल्या खोलीत होती. मिस्त्री स्टुलावर चढला. गिलावा ओलाच होता, हाताने सुटला. त्याने हातोडी घेतलीच नाही. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्री काही बोलला नाही. त्याने दोन बोटं आत घातली आणि चिमटीत जे बाहेर काढलं ते गाळणीतल्या चहाच्या चोथ्यासारखं होतं. त्याने ते हुंगलं आणि भिंतीला पुसलं.

"वर कोण राहतं?" इंजिनिअरांनी विचारलं.

वर माई. माई एकट्या, तेव्हा ७९ वर्षांच्या. त्याच क्षणी वरून पाट सरकवल्याचा आवाज आला. त्या जेवायला बसत होत्या.

आम्ही वर गेलो. स्वयंपाकघरात बरोबर त्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप. पाणी सकाळी तासभर येतं म्हणून माई ते काठोकाठ भरून ठेवत. २०० लिटर, म्हणजे २०० किलो. शेजारी गॅसचा सिलिंडर आणि तांदळाचा डबा. इंजिनिअरांनी अगदी हळू आवाजात मला सांगितलं, पिंप आधी रिकामं करा. माई म्हणाल्या, "आणि उद्या पाणी नाही आलं तर?" मग मी आणि मिस्त्रीने बादल्यांनी अर्धं पिंप मोरीत ओतलं आणि ते समोरच्या भिंतीशी ओढलं. माई ताटावरून उठल्या नाहीत. फक्त बघत राहिल्या. मी त्यांना सांगितलं, फरशी तपासायची आहे. खोटं बोलले.

संध्याकाळी खालच्या खोलीत टेकू लागले, तीन लोखंडी नळ्या. त्या खोलीत चार माणसं राहत. पुढची दोन वर्षं त्यांनी त्या टेकूंच्या मधून गाद्या घातल्या, आणि धाकटी मुलगी एका नळीला दप्तर अडकवायची.

इंजिनिअरांचा अहवाल मात्र माझ्या बाजूने आला. चाळ दुरुस्त होण्याजोगी आहे. चौदा तुळयांची टोकं कापून नवा साग जोडायचा, सगळ्यात आधी संडासाचे नळ बदलायचे, सिमेंट काढून पुन्हा चुना लावायचा. ८० लाख. दर बिऱ्हाडाला जवळजवळ एक लाख नव्वद हजार.

चौकात सभा घेतली. मी फोटो दाखवले, सहावासुद्धा. मग तळमजल्यावरचा एक मुलगा उठला. तिशीतला, चांगल्या नोकरीचा, घरात जागा नाही म्हणून लग्न अडलेलं. माझाच विद्यार्थी. म्हणाला, "ताई, दोन लाख भरून दुरुस्ती केली तर आम्हाला काय मिळणार? हीच खोली. तीही मालकाची. आणि चाळ पडायला आली तर ३६५ फूट, फुकट. तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार होते? पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमात भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट मिळतात आणि त्यावर बिल्डरला विकायला जास्तीचा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्तीचं बांधकाम करायची मुभा मिळते. इमारत पाडली की हे सगळं. जपली तर कुणाला काहीच नाही. उभं राहण्याला एफएसआय नाही. इतकी वर्षं मी वारशावर बोलत होते आणि हा साधा हिशेब एका पस्तिशीच्या आतल्या मुलाने चौकात उभं राहून मांडला. खोताची वाडी दाखवताना मला लोक नेहमी विचारायचे, हे बंगले टिकले, मग चाळी का नाही? तिथल्या अनेक घरांत मालक स्वतः राहतात, छप्पर गळलं तर त्यांच्याच डोक्यावर आणि घर टिकलं तर त्यांचंच. आमच्याकडे छप्पर एकाचं, डोकं दुसऱ्याचं. सरकारी बीडीडी चाळींतल्या १६० फुटांच्या खोलीला ५०० फुटांचं घर मिळणार, हे रोज पेपरात वाचणाऱ्या माणसाला मी चुन्याच्या गिलाव्याचं महत्त्व सांगत होते.

दुरुस्तीच्या बाजूने नऊ हात वर झाले. त्यात माईंचा होता.

सही २०२१ साली केली. ५१ टक्के संमती लागते, म्हणजे ४२ पैकी २२. एकोणीस झाल्या होत्या. उरलेल्यांतले काही केवळ मी काय करते ते बघत थांबले होते, आणि हे मला पक्कं माहीत होतं. त्या पावसाळ्यात टेकूची एक नळी वाकली. पडली नाही, फक्त वाकली. मी फॉर्म घेऊन आधी माईंकडे गेले.

"तू काय करतेयस?" त्यांनी विचारलं.

"करते सही."

"मग आण इकडे."

त्यांनी चष्मा लावला, शाळेतल्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, सांगितलं नसताना खाली तारीखही घातली. मग विचारलं, "परत कधी यायचं?" मी म्हणाले, "तीन वर्षांत."

तो आकडा बिल्डरचा होता. माईंना तो माझ्या तोंडून कळला. दुसऱ्या दिवशी बावीस पूर्ण झाल्या.

तुम्ही विचारता तेव्हा मला वाटतं, तुम्हाला इमारतीबद्दल अपराधी वाटून घेणारी बाई हवी असते. इमारतीबद्दल मी रडून झाले. पाडकाम करणाऱ्यांनी खांब भंगारवाल्याला विकले त्या दिवशी. साग होता, चांगला भाव आला असणार. पण रात्री जाग येते ती त्या तीन वर्षांमुळे. सही चुकली असं आजही म्हणवत नाही, आणि बरोबर होती असंही नाही. नव्वदच्या दशकात मंडळ ते सिमेंट थोपत असताना कुणी अडवलं असतं तर? पेढे वाटणाऱ्यांपैकी एकीने? २०११ची मी म्हणते, तू थकलीस म्हणून सही केलीस. मी तिला म्हणते, तू पिंप सरकवायला नव्हतीस. दोघींचं जमत नाही.

माई आता दहिसरला भाड्याच्या घरात, सातव्या मजल्यावर. चाळीची फार आठवण काढतात अशी तुमची समजूत असेल तर तसं नाही. संडास घरात आहे, लिफ्ट आहे, "उगाच एवढी वर्षं काढली" असं म्हणतात. बिल्डरचं भाडं जमा व्हायला उशीर झाला की मात्र मला फोन येतो. मी रविवारी अजून फिरते, पण एकटीच. आमच्या प्लॉटच्या पत्र्यांना एक फट आहे, तिथून बघते. गेल्या रविवारी घरी आल्यावर त्यांना फोन करून सांगितलं की भाडेकरूंच्या इमारतीचा तिसरा स्लॅब ओतून झाला. एकूण बावीस ओतायचे आहेत, हे सांगितलं नाही.

"तिसरा?" माई म्हणाल्या. "म्हणजे माझ्या खोलीपर्यंत आलं की."