रोजनिशी : पाच मिनिटे आणि दोन मिनिटे

शनिवार, 9 फेब्रुवारी 2019

काल अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीपुढे प्रभारी ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे तात्पुरते प्रमुख, मॅथ्यू व्हिटेकर यांची साक्ष झाली. सुमारे सहा तासांची ती साक्ष मी तुकड्यातुकड्यांनी का होईना, शेवटपर्यंत पाहिली. 2016 च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाचा तपास करणारे विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्या तपासातले एखादे पाऊल मंजुरीसाठी तुमच्यापुढे कधी आले होते का, असे समितीचे अध्यक्ष जेरल्ड नॅडलर यांनी विचारले. त्यावर व्हिटेकर म्हणाले की, अध्यक्ष महोदय, तुमची पाच मिनिटे संपली आहेत. सभागृहात आधी ‘आँ’ झाले, मग हशा पिकला, आणि खुद्द नॅडलर यांनाही हसू आवरले नाही. समितीच्या अध्यक्षाची वेळ साक्षीदाराने मोजावी, हा प्रकार मी तरी याआधी पाहिला नव्हता.

मीही हसलो, आणि हा माणूस नियमाआड लपतो आहे असे वहीत लिहायला घेतले. लिहिण्याआधी सहज नोव्हेंबरची पाने चाळली, आणि हात थांबला.

15 नोव्हेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : ‘दोन मिनिटांसाठी काय एवढे!’ त्या दिवशी फ्लोरिडात सिनेटच्या जागेसाठी यंत्रांवरची फेरमोजणी चालू होती आणि आकडे देण्याची मुदत दुपारी तीनची होती. ब्रॉवर्ड काउंटीचे आकडे तीन वाजून दोन मिनिटांनी पोहोचले म्हणून राज्याने ते स्वीकारले नाहीत आणि आधीचेच आकडे कायम ठेवले. माझा संताप झाला होता, कारण माझा कल डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल नेल्सन यांच्याकडे होता आणि ब्रॉवर्ड हा त्यांचा बालेकिल्ला. त्यात तिथली मतपत्रिकाच अशी छापलेली की, सिनेटची लढत डाव्या रकान्यात लांबलचक सूचनांच्या खाली, पार तळाशी गेली होती, आणि त्या काउंटीत गव्हर्नरपदापेक्षा सिनेटसाठी सुमारे 25 हजार मते कमी पडली होती. अखेरचा फरक 10,033 मतांचा. रिपब्लिकन पक्षाचे रिक स्कॉट जिंकले.

पुढची गोष्ट मात्र मी वहीत लिहिलेली नाही, आणि ती विसरलो म्हणून नव्हे. ब्रॉवर्डचे ते उशिरा आलेले आकडे धरले असते, तर उलट स्कॉट यांचीच आघाडी थोडी वाढली असती. हे कळले तेव्हा दोन मिनिटांच्या अन्यायावरचा माझा राग एकाएकी ओसरला होता.

आता व्हिटेकरांच्या नेमणुकीबाबत मी काय केले ते पाहू. 6 नोव्हेंबरला मतदान झाले आणि दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी राजीनामा दिला, तोही ‘तुमच्या विनंतीवरून’ असे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना पत्रात स्पष्ट लिहून. म्युलर यांची नेमणूक करणारे उपॲटर्नी जनरल रॉड रोझेनस्टाइन पायरीने पुढचे होते आणि त्यांना सिनेटची मंजुरीही होती. पण त्यांना वगळून राष्ट्राध्यक्षांनी सेशन्स यांच्या कार्यालयाचे प्रमुख असलेल्या व्हिटेकर यांच्याकडे पदभार दिला. याच व्हिटेकरांनी वर्षभरापूर्वी म्युलर यांचा तपास मर्यादा ओलांडतो आहे असा लेख लिहिला होता. त्यानंतरचे दोन आठवडे मी कायद्याच्या कलमांत बुडालो. 1998 चा रिक्त पदांचा कायदा म्हणतो की, खात्यात किमान 90 दिवस वरच्या वेतनश्रेणीवर काम केलेल्या अधिकाऱ्यालाही ठरावीक मुदतीपुरता पदभार देता येतो. दुसरीकडे न्याय खात्याचा स्वतःचा कायदा उपॲटर्नी जनरलचे नाव घेतो, आणि त्या दोन्हींच्या वर संविधान, जे मोठ्या पदांसाठी सिनेटची संमती मागते.

न्याय खात्याने 14 नोव्हेंबरला जे मत प्रसिद्ध केले त्यात 1866 मधला दाखला आहे, म्हणजे खाते स्थापन झाले त्याच्या चार वर्षे आधीचा! त्यातच सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, प्रकरणही येते. बँकॉकमधला अमेरिकी वाणिज्यदूत आजारी पडून मायदेशी निघाला आणि कारभार तिथल्या एका मिशनऱ्याच्या हाती आला. पुढे पगारावरून वाद झाला आणि 1898 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी तात्पुरती व्यवस्था वैध ठरवली. बँकॉकच्या त्या पगाराच्या भांडणावर सव्वाशे वर्षांनी वॉशिंग्टनचे ॲटर्नी जनरल उभे राहावेत, हे वाचताना मला खरोखर मजा आली होती. पण माझे टिपण पाहिले तर तिथे मी सयामची खिल्ली उडवली आहे आणि व्हिटेकरांच्या बाजूचे 90 दिवसांचे कलम चक्क कंसात टाकले आहे. म्हणजे फ्लोरिडात मला नियमाचा आत्मा हवा होता आणि वॉशिंग्टनमध्ये अक्षर, तेही सोयीच्या कलमांचे.

रिपब्लिकनांकडे झुकणारा माझा एक मित्र आहे. फ्लोरिडाच्या वेळी त्याने दिवसातून चार वेळा मतचोरीचे संदेश पाठवले होते. नॉर्थ कॅरोलिनाच्या नवव्या मतदारसंघात मात्र त्यांच्या उमेदवाराची 905 मतांची आघाडी असूनही राज्याच्या निवडणूक मंडळाने अजून निकाल प्रमाणित केलेला नाही, कारण टपाली मतपत्रिका घरोघरी फिरून गोळा केल्याचा संशय त्याच उमेदवारासाठी काम करणाऱ्या माणसावर आहे. याविषयी मित्राचा एकही संदेश नाही. हे मी त्याला काल सुनावले, तर तो म्हणाला, ‘अरे, मतांत घोटाळे होतच नाहीत असे नोव्हेंबरात तूच सांगत होतास ना?’ मी उत्तर टाइप केले, पुसले, पुन्हा टाइप केले, आणि शेवटी पाठवलेच नाही.

व्हिटेकर आता जातील. गुरुवारी सिनेटच्या समितीने 12 विरुद्ध 10 मतांनी ॲटर्नी जनरलपदासाठी विल्यम बार यांचे नाव पुढे पाठवले. गेल्या जूनमध्ये कोणी न मागता बार यांनीही म्युलर यांच्या तपासातल्या एका मुद्द्यावर 19 पानांचे टीकात्मक टिपण धाडले होते, पण निदान त्यांच्यावर सिनेटमध्ये मतदान तरी होईल. व्हिटेकर यांची नेमणूक वैध होती का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेण्याचा एक प्रयत्न गेल्या महिन्यात झाला. न्यायालयाने त्याला हात घातला नाही. तीन महिने एक माणूस त्या खुर्चीत बसला आणि बसायला पात्र होता की नाही हे ठरायच्या आत तो उठतो आहे.

15 नोव्हेंबरच्या त्या ओळीसमोर आज समासात तारीख घातली आणि फेरमोजणीचे उरलेले वाक्य पूर्ण केले. ओळ खोडली नाही.